लुइझियानाची चाचणी, मलिहाबादमार्गे

लुइझियानाला आम्ही अजून गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. हे वर्णन त्या प्रवासाच्या चाचणीचं आहे. मी बत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल विभागात काढली. नव्या मार्गावर आधी रिकामी गाडी धावते, मग माणसांची. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका राज्यात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, उजव्या बाजूने गाडी चालवत बायकोला फिरवायचं, तेही चाचणीशिवाय, हे मला बेजबाबदारपणाचं वाटलं. ज्यांना वाटणार नाही त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

लुइझियानात माझी मेहुणी नलू राहते, वसुधाची धाकटी बहीण. पंचवीसेक वर्षांपूर्वी ती तिकडे गेली. मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान विनायकराव हृदयविकाराने गेले. तेव्हापासून तिचे फोन लहान होत गेले. आधी अर्धा तास, मग दहा मिनिटं, मग नुसतं "ठीक आहे ताई, तू बरी आहेस ना?" होळीच्या सुमारास असाच एक फोन ठेवून वसुधा म्हणाली, "आपण जाऊ या तिच्याकडे."

मी म्हणालो, "जाऊ. सुट्टीच घेऊ या एक चांगली."

लखनौत तीस वर्षं झाली, पण सुट्टी म्हणजे अकोला, एवढंच आमच्या घरात ठाऊक. म्हणून मी हौसेने कामाला लागलो आणि दहा दिवसांची एकतीस पानी फाइल तयार केली. न्यू ऑर्लिन्सची जुनी वस्ती, मिसिसिपीवरची वाफेची बोट, दलदलीतल्या मगरी, तिखट सॉसचा कारखाना. सातव्या दिवशी, दुपारी दोन ते सहा : नलू. फाइल वसुधाला वाचायला दिली. तिने ती वाचली आणि एक शब्द न बोलता परत दिली. नोकरीत फाइल शेरा न मारता परत आली की मंजूर समजायची, तशी मी समजलो.

व्हिसा मिळाला. तिकिटं काढायची राहिली. अडचण फक्त रस्त्याची होती. विमानतळापासून नलूचं गाव तीन तासांवर. तिची गाडी विनायकराव गेल्यापासून गॅरेजात बंद. ती चालवत नाही, कुठे जातच नाही. वाणसामानसुद्धा दारात येतं. म्हणजे गाडी भाड्याने घ्यायची आणि मी चालवायची. त्यात फोनवर तिने त्या चौकाची गोष्ट सांगितली.

"भाऊजी, इथे लहान चौकांत सिग्नल नसतो. चारही बाजूंना थांबायची पाटी असते. सगळ्यांनी थांबायचं."

"मग सुटायचं कुणी?"

"जो आधी आला त्याने."

"आधी कोण आला याची नोंद कोण ठेवतं?"

"कुणी नाही. ज्याचं त्याला कळतं."

मी रात्रभर तळमळलो असं म्हणणार नाही, पण जेवण गेलं नाही. ज्या देशाने माणूस चंद्रावर पाठवला तो देश चौक असा वाऱ्यावर सोडतो! त्याच आठवड्यात मी चाचणीचा कार्यक्रम आखला. विमानतळ ते नलूचं गाव, या अंतराऐवजी आमचा लखनौचा विमानतळ ते जवळचं आंब्यांचं मलिहाबाद. प्रमाण साधारण एकास आठ.

वसुधाने विचारलं, "मग नलूचे चार तास कमी होऊन अर्धा तास होणार का?"

मला वाटलं, ती गंमत करते आहे.

अमीनाबाद

बॅगा घेण्यासाठी आम्ही लखनौच्या अमीनाबाद बाजारात गेलो. दुकानदार सभ्य गृहस्थ. बॅग आडवी करून तो तिच्यावर उभा राहिला आणि आमच्याशी तिथूनच बोलू लागला. मी म्हणालो, उभं राहून काय कळणार, परदेशी विमानतळावर मैल मैल चालावं लागतं म्हणे, आम्ही भरून चालवून पाहू. त्याने दोन्ही बॅगांत गाद्यांच्या खोळी आणि शेजारच्या दुकानातली दोन पितळी पातेली भरून दिली.

अमीनाबादेत संध्याकाळी नुसता माणूस सरकत नाही, तिथे आम्ही दोघं बॅगा ओढत निघालो. चिकनकारीच्या कुर्त्यांच्या ढिगामधून, चाट खाणाऱ्यांच्या पायांमधून. एक रिक्षावाला आमच्या मागे लागला. आम्ही वळलो की तोही वळे.

"बाबूजी, स्टेशन उल्टी तरफ़ है."

"हमें स्टेशन नहीं जाना."

"तो जाना कहाँ है?"

"कहीं नहीं. चलकर देख रहे हैं."

त्याने वसुधाकडे पाहिलं. अशा नजरेने, की माताजी, ह्यांना कधीपासून असं होतंय? वसुधाने त्याला हळूच काहीतरी सांगितलं, तेव्हा तो समजुतीने मान हलवून गेला. काय सांगितलं ते ती अजून सांगत नाही.

परतताना माझ्या बॅगेचं चाक निखळलं आणि घरंगळत एका बांगड्यांच्या दुकानात गेलं. मी ते घेऊन दुकानदाराकडे तक्रारीला गेलो. त्याने चाक हातात घेतलं, दुःखाने पाहिलं आणि म्हणाला, "जनाब, यह अटैची हवाई जहाज़ के लिए है, अमीनाबाद के लिए नहीं."

बदलून मात्र दिली.

सरोजिनी नगर, पहिला दिवस

जूनमधल्या एका सकाळी आमचं 'आगमन' झालं. भरलेल्या बॅगा घेऊन विमानतळाबाहेर जरा वेळ उभं राहून आम्ही जवळच्याच सरोजिनी नगरात, कानपूर रोडवरच्या एका लॉजवर पोचलो. तिथे आमचे शेजारी श्रीवास्तवजी टेबल मांडून बसले होते. ते कस्टम्समधून निवृत्त झालेले. अमेरिकन अधिकाऱ्याचं काम मी त्यांना द्यायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, मजेत दोन प्रश्न विचारतील आणि मग चहा घेऊ. पण त्यांनी सफारी सूट घातला होता. ओळख दाखवली नाही. लॉजच्या मॅनेजरला त्यांनी दाराशी उभं केलं होतं, आम्ही पळून जाऊ नये म्हणून.

माझं दोन मिनिटांत आटोपलं. फाइल पाहून ते इतके खूश झाले की मगरींविषयी चौकशी करत बसले. मग वसुधाची पाळी आली.

"आने का मक़सद?"

"बहन से मिलना है."

"कितने दिन?"

वसुधा बॅगेचं हँडल चाचपू लागली. मी मागून म्हणालो, "दस दिन."

"आप चुप रहिए. मैडम, कितने दिन?"

"दस," ती म्हणाली. फार हळू.

श्रीवास्तवजींनी चष्मा काढला. "बैग खोलिए."

मी म्हणालो, भाईसाहब, बॅग उघडायचं कार्यक्रमात नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बॅग उघडली. वर साड्या होत्या. खाली पुरणयंत्र, मेतकुटाचा डबा, भाजणी, सहा महिने पुरेल एवढा गोडा मसाला. आणि सगळ्यांत तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तीन लोकरीचे स्वेटर आणि एक शाल.

"जून का महीना है," श्रीवास्तवजी म्हणाले. "दस दिन का सफ़र. ये स्वेटर किसलिए?"

वसुधाने शालीची घडी नीट केली.

"मैडम, चौंतीस साल यही किया है. आप जाड़े तक रुकने वाली हैं."

मी हसून काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पाहिलं, तर वसुधाचे डोळे भरलेले. श्रीवास्तवजींनीही ते पाहिलं. पण कर्तव्य ते कर्तव्य. आमच्या कागदावर त्यांनी लाल पेनाने लिहिलं : प्रवेश नामंजूर. मग उठून तिच्यासाठी स्वतः पाणी आणलं आणि "भाभीजी, माफ़ कीजिएगा," म्हणाले.

ते गेल्यावर आम्ही खोलीत बसलो. बाहेर कानपूरकडे जाणारे ट्रक. मी विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही फाइल दिलीत."

"दहा दिवस कमी आहेत का?"

"अहो, ती फोनवर मला विचारते, आज कोणता वार आहे. तिला माहीत नसतं. मला मगरी नाही बघायच्या. मला तिच्या स्वयंपाकघरात बसायचंय."

"किती दिवस?"

"तिला सकाळी आपणहून उठावंसं वाटेपर्यंत."

मी म्हणालो, "हे मी फाइलमध्ये कुठल्या रकान्यात लिहू?"

असं बोलायला नको होतं. ती उठून गॅलरीत गेली. बत्तीस वर्षं मी दिवे लाल-हिरवे करत होतो, आणि घरात एवढा मोठा लाल दिवा लागलेला मला दिसला नव्हता. हे मी तिला त्या वेळी सांगितलं नाही. आता लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता अमेरिकन मागवला होता. लॉजच्या स्वयंपाक्याला मी आदल्या दिवशी समजावलं होतं : गोल असतं, मऊ असतं, वर गोड पाक ओततात. त्याने विचार करून बेसनाचा चीला, म्हणजे आपलं धिरडं, केला, कांदा-मिरची घालून, आणि वर गुलाबजामचा पाक ओतला. शेजारी मक्याचा दलिया. नलूकडे सकाळी मक्याच्या कण्या लोणी घालून खातात, असं तिने सांगितलं होतं. आमच्या वऱ्हाडात ज्वारीच्या कण्या खातात, त्यामुळे कण्यांशी माझं जमलं. चीला वसुधाने खाल्ला, अख्खा, आणि म्हणाली, "वाईट नाहीये." आदल्या दिवसानंतरचं ते तिचं पहिलं वाक्य. मी माझ्या ताटातलाही तिला दिला.

मलिहाबाद, दुसरा दिवस

मलिहाबादला हाशिम मियाँची दशहरीची बाग आहे. दर उन्हाळ्यात त्यांचे आंबे आमच्या घरी येतात, अशी वीस वर्षांची ओळख. सत्तरी ओलांडलेले, पांढरा कुर्ता, आवाज कधी चढलेला नाही. बागेत दोन कच्चे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, हे मला माहीत होतं. तिथे उजव्या बाजूने गाडी चालवायची परवानगी मागितली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "आपकी साली हमारी बहन. बाग़ हाज़िर है."

प्लायवूडच्या चार लाल अष्टकोनी पाट्या मी घरूनच रंगवून नेल्या होत्या. हाशिम मियाँनी एक हातात घेऊन निरखली.

"आठ कोने क्यों, हुज़ूर?"

"वहाँ का क़ायदा है."

"तकल्लुफ़ है," ते म्हणाले, म्हणजे नुसती औपचारिकता, "मगर ख़ूबसूरत है."

तोडणीचे दिवस. झाडांखाली गवतावर आंब्यांचे ढीग, लाकडी पेट्या ठोकल्याचा आवाज, हवेत चिकाचा गोडसर वास. पहिल्या तीन फेऱ्या मी उजव्या बाजूने चालवलं आणि बरं चालवलं. फक्त एकदा फांदी खिडकीतून आत आली आणि चार आंबे वसुधाच्या मांडीवर सोडून गेली.

मग चौकाची वेळ आली. एका रस्त्याने पेट्यांनी भरलेला ट्रॅक्टर, त्यावर रामसजीवन. दुसऱ्याने जुन्या स्कूटरवर स्वतः हाशिम मियाँ. तिसऱ्याने सायकलवर त्यांचे मुंशीजी, जे वयाने त्यांच्याहूनही मोठे. चौथ्याने आम्ही. मी सगळ्यांना नियम समजावले होते : थांबायचं, जो आधी आला तो आधी जाईल. सगळ्यांनी अदबीने ऐकलं होतं. आणि मग आम्ही चौघंही, कसे कोण जाणे, अगदी एकाच क्षणी पाट्यांशी येऊन थांबलो.

एकाच वेळी आले तर काय, याचाही नियम नलूने सांगितला होता : ज्याच्या उजवीकडे कुणी नाही त्याने निघावं. मी उजवीकडे पाहिलं. ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरच्या उजवीकडे स्कूटर. स्कूटरच्या उजवीकडे सायकल. सायकलच्या उजवीकडे मी. मला घाम फुटला. नियम बरोबर होता आणि त्या नियमाने आम्ही चौघं जगाच्या अंतापर्यंत तिथेच उभे राहणार होतो.

हाशिम मियाँ स्कूटर स्टँडवर लावून माझ्या खिडकीशी आले. "हुज़ूर, पहले आप."

"नहीं नहीं. मेरे दाहिने ट्रैक्टर है."

त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं. रामसजीवन वरून म्हणाला, "मालिक खड़े हैं, हम कैसे निकल जाएँ?"

"तो मुंशीजी निकलें. बुज़ुर्ग हैं."

मुंशीजींनी सायकलवरून उतरून कानांना हात लावले. "मेहमान से पहले? तौबा."

मी म्हणालो, आत्ता हे लुइझियाना आहे, इथे पाहुणा-यजमान नसतं. हाशिम मियाँ म्हणाले, लुइझियाना असलं तरी आधी मलिहाबाद आहे. पाच मिनिटं झाली. कुणीतरी बाज आणून चौकाच्या बरोबर मधोमध टाकली, म्हणजे बसून निवाडा करता येईल. मग बादलीत भिजवलेले दशहरी आंबे आले. ट्रॅक्टरचं इंजिन बंद झालं. मुंशीजी आंबा चोखत म्हणाले की इतका सुकूनवाला, निवांत नियम सरकारने इथेही आणायला हवा.

माझा तोल गेला. "वसुधा, नलूला फोन लाव. तिलाच विचारू काय करतात ते."

इथे संध्याकाळचे साडेसहा, तिकडे सकाळचे आठ. नलूने व्हिडिओ कॉल उचलला. गाऊन घातलेली, केस न विंचरलेले, मागे बंद पडदे. वसुधाने फोन फिरवून तिला सगळं दाखवलं : चार लाल पाट्या, ट्रॅक्टर, स्कूटर, सायकल, आमची गाडी, आणि मध्ये बाजेवर आंबे खात बसलेले चौघे जण.

"हे काय आहे, ताई?"

"तुमच्याकडचा चौक," वसुधा म्हणाली. "कोणी निघतच नाहीये."

नलू पडद्यावर झुकली. मग हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग तिला फोन धरवेना. तो टेबलावर पडला, आणि आम्हाला फक्त तिच्या घराचं छत आणि तिचं हसणं, इतकंच. वसुधाने माझा हात घट्ट धरला.

बऱ्याच वेळाने नलू परत दिसली, डोळे पुसत. "भाऊजी, आमच्या गल्लीच्या टोकाला असाच चौक आहे. विनायक नेहमी सगळ्यांना हात करायचा, जा जा म्हणून. मी ओरडायची. आम्ही सगळीकडे उशिरा पोचायचो." तिने केस मागे घेतले. "तो गेल्यापासून मी त्या चौकापर्यंत गेलेच नाही."

मराठी कळत नसूनही हाशिम मियाँना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी आंब्याचे हात धुतले, कुर्त्याला पुसले आणि फोन मागून घेतला.

"बिटिया, आदाब. उस चौराहे पर सुबह बहुत भीड़ रहती है?"

"नहीं चाचा," नलू म्हणाली. "इस वक़्त तो कोई नहीं होता."

"तब तो आसान है. वहाँ 'पहले आप' कहने वाला कोई नहीं. आप निकल जाइए."

नलूने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते छोट्या पडद्यावर कळलं नाही. मग ती म्हणाली, "भाऊजी, मी सांगते, तुम्ही निघा आधी. कोणीतरी निघायला लागतंच."

रामसजीवनने बाज बाजूला ओढली. मी गाडीत बसलो, गिअर टाकला आणि सवयीने सरळ डाव्या बाजूला गेलो. माझीच रंगवलेली पाटी गाडीखाली आली. चौघांनी टाळ्या वाजवल्या.

परत घरी

तिसऱ्या दिवशीचा कार्यक्रम मी रद्द केला. घरी येऊन फाइल उघडली आणि मगरी, बोट, सॉसचा कारखाना यांवर एकेक रेघ मारली. मग वसुधापुढे कोरा कागद ठेवला. तिने लिहिलं : वसुधा, परतीची तारीख सहा महिन्यांपर्यंत कधीही. मी तीन आठवडे राहून परत येणार. त्या बदल्यात मला आमटी-भात आणि एक भाजी शिकावी लागणार, अशी अट तिने घातली आणि मी सही केली.

त्यानंतर चारच दिवसांनी, संध्याकाळच्या चहाच्या वेळी, नलूचा व्हिडिओ कॉल आला. केस बांधलेले होते. मागे अंधार होता आणि काहीतरी घरघरत होतं.

"ताई, मी गाडीत बसले आहे. बॅटरी मेली होती. समोरच्या घरी जाऊन सांगितलं, त्यांनी नवी बसवून दिली. चालू झाली बघ."

"कुठे आहेस तू?"

"गॅरेजात."

"गॅरेजचं दार उघडं आहे ना?"

"नाही अजून. जरा वेळ नुसती बसणार होते."

वसुधा इतक्या जोरात ओरडली की शेजारून श्रीवास्तवजी गॅलरीत आले. "अगं, जीव गुदमरेल! दार उघड आधी! आत्ताच्या आत्ता!"

खटका दाबल्याचा आवाज आला. मग जड काहीतरी करकरत वर जाऊ लागलं. फोनचा पडदा उजेडाने हळूहळू पांढरा झाला, इतका की नलू दिसेनाशी झाली. गाडी मागे सरकल्याचं मात्र ऐकू आलं.

"नलू? नलू, काय झालं?"

"काही नाही, ताई," ती म्हणाली. "फोन ठेवते. गाडी चालवताना बोलायचं नसतं."